शैक्षणिक संशोधनाचे अग्रक्रम : काही विचार

शासनाच्या द्रव्यसाहाय्याने होणाऱ्या शैक्षणिक संशोधनाचे अग्रक्रम कोणी ठरवावेत आणि ते कोणत्या निकषांवर ठरावेत, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून चर्चिला जातो; पण ती चर्चा बहुधा निधीच्या अपुरेपणापाशी येऊन थांबते. निधी अपुरा आहे हे खरेच. परंतु आहे तो निधी कोणत्या प्रश्नांवर खर्च व्हावा याचा निर्णय कसा होतो, हे तपासल्यावाचून निधीची मागणी करणे म्हणजे रस्ता न ठरविता गाडीला बैल जुंपण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात या निर्णयप्रक्रियेचे काही शासकीय लेखांच्या आधारे परीक्षण करावयाचे आहे. उदाहरणे शक्यतो विदर्भातील घेतली आहेत. या विद्यापीठात काम करणाऱ्यांना ती पडताळून पाहता येतील, हे त्याचे कारण.

१

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सादर केलेल्या अहवालात शैक्षणिक संशोधनावरील खर्च वाढवून तो शिक्षणावरील शासकीय खर्चाच्या सुमारे एक टक्का व्हावा, असे उद्दिष्ट सांगितले होते. शिक्षण मंत्रालयात एक शैक्षणिक संशोधन परिषद असावी, अशीही त्याची शिफारस होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, तर सदस्य-सचिव पुन्हा नाईकच. म्हणजे सामाजिक संशोधनाला शासनाने कसे पोसावे, या विचाराच्या आरंभी दोन मराठी माणसे उभी होती.

पुढे १९७४ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समिती, म्हणजे 'एरिक', स्थापन केली. त्याच वर्षी बडोद्याहून म. ब. बुच यांनी संपादिलेले शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. आपल्या राज्यात पुण्याची राज्य परिषद आहे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि कृतिसंशोधन हे त्यांच्या कामांपैकी एक ठरले. तेव्हा यंत्रणेची वाण आहे, असे कोणी म्हणू नये. वाण आहे ती नेमक्या प्रश्नांची.

२

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक साधी गोष्ट सुचते. अग्रक्रमांच्या याद्या बहुधा नामपदांच्या असतात. 'प्रारंभिक भाषाशिक्षण', 'शिक्षक-प्रशिक्षण', 'वंचित घटकांचे शिक्षण' अशा शब्दबंधांत क्रियापद नाही, म्हणून विधान नाही. विधान नाही, म्हणून प्रश्नही नाही. अशा शीर्षकाखाली कोणताही प्रबंध बसतो आणि कोणत्याही प्रबंधाने ते शीर्षक निकाली निघत नाही. याउलट, 'घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दोन इयत्तांत कोरकूतून वाचावयास शिकविले, तर चौथीअखेर त्याचे मराठी वाचन सुधारते की मागे पडते?' हे वाक्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर होकारार्थी येईल किंवा नकारार्थी. पण ते येऊ शकेल. क्षेत्राचे नाव घेणे म्हणजे अग्रक्रम ठरविणे, हा आपल्या यादीकारांचा पहिला भ्रम आहे.

शब्दयोजनेचा परिणाम निधीवर कसा होतो, हे पाहावयाचे असेल तर २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२३ चा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अधिनियम शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. धोरणात कल्पिलेले प्रतिष्ठान सर्व ज्ञानशाखांतील संशोधनाला स्पर्धात्मक साहाय्य देणारे होते. विज्ञानाबरोबर सामाजिक शास्त्रे, कला व मानव्यविद्या यांचाही त्यात समावेश होता. अधिनियमात मात्र मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जेथे संबंध येतो तेवढ्यापुरती. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभारण्याची ही योजना, आणि त्यांतील मोठा भाग शासनेतर स्रोतांतून यावयाचा. वर्गात मूल वाचावयास कसे शिकते, या प्रश्नाला या रचनेत दार आहे की केवळ खिडकी, हे एका विशेषणाच्या अर्थावर अवलंबून राहिले आहे. या बदलावर शिक्षणशास्त्राच्या विभागांत जितकी चर्चा व्हावयास हवी होती, तितकी झाल्याचे दिसत नाही.

३

आता प्रत्यक्ष उदाहरण. महाराष्ट्र शासनाने १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनच्या सुधारित निर्णयाने ती सर्वसाधारणपणे तिसरी भाषा राहील असे ठरले, आणि इयत्तेतील किमान वीस विद्यार्थ्यांनी मागणी केल्यास दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा मिळाली. २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात येऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. समितीने पुढे लोकांची मते मागविली.

या घटनाक्रमाकडे राजकारणाच्या दृष्टीने पाहणारे पुष्कळ आहेत. संशोधनाच्या दृष्टीने पाहता त्यातील क्रम विचारात घेण्याजोगा आहे. आधी निर्णय झाला, मग विरोध, मग माघार, मग समिती. मुले किती भाषा, कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत पेलतात, हा अनुभवाने तपासण्याचा प्रश्न येथे मतदानाच्या प्रश्नासारखा हाताळला गेला. वास्तविक २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. या पंचवीस वर्षांच्या अनुभवाचे पद्धतशीर मापन, हाच २०२५ च्या निर्णयासाठी सर्वांत जवळचा पुरावा ठरला असता.

शिवाय 'तिसरी भाषा' ही संज्ञाच विदर्भात सर्वत्र लागू पडत नाही. आर्य कुळातील मराठी व हिंदी, द्राविड कुळातील गोंडी, माडिया व कोलामी, मुंडा कुळातील कोरकू, आणि कोणत्याच कुळात निश्चितपणे न बसणारी बुलढाणा जिल्ह्यातील निहाली, इतक्या निरनिराळ्या भाषांची वस्ती येथे एकमेकींच्या शेजारी आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाला मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथी. भामरागडच्या माडिया मुलाचेही तसेच. वाड्या-पाड्यांवरील अनेक शाळांत एका इयत्तेत वीस मुलेच नसतात. तेथे ती मुभा केवळ कागदावरची ठरते.

परंतु याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेळघाट मध्य प्रदेशाला लागून आहे, आणि तेथील बाजारात, नात्यागोत्यात हिंदीचा वावर मोठा आहे. तेथील काही कोरकू मुलांना शाळेतील प्रमाण मराठीपेक्षा हिंदी अधिक ओळखीची वाटत असणे अगदी संभवनीय आहे. तसे असेल, तर मराठीच्या अभिमानाने दिलेले उत्तर आणि हिंदीच्या आग्रहाने दिलेले उत्तर, दोन्ही त्या मुलाच्या दृष्टीने चुकीची ठरण्याचा संभव आहे. नेमके येथेच संशोधन हवे असते. मराठीत घेतलेल्या वाचनचाचणीत असे मूल अडखळले, की त्याची नोंद 'वाचता येत नाही' अशी होते. त्याला अक्षर कळले नाही की भाषा कळली नाही, हे ती नोंद सांगत नाही. आणि उपाय तर या भेदावरच अवलंबून आहे.

४

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. संशोधनाचे अग्रक्रम लोकांच्या मताने ठरू लागले, तर तत्काळ उपयोगाचे विषय तेवढे उरतील व मूलगामी अभ्यास मागे पडेल, असा तो आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. एमेनो यांनी १९५५ मध्ये कोलामीचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याला वर्धा परिसरातील बोलीचा आधार होता. निहालीवरील कायपर यांचा अभ्यास १९६२ चा. हे दोघेही परदेशी विद्वान होते. आपल्या अंगणातील भाषांच्या अभ्यासाला लोकमताच्या कोणत्याही यादीत त्या काळी स्थान मिळाले नसते. आणि असा पाया नसेल, तर त्या भाषांतील पहिलीचे पुस्तक अंदाजाने लिहावे लागते. म्हणून निधीचा एक निश्चित भाग अभ्यासकांच्या स्वतंत्र निवडीसाठी राखून ठेवलाच पाहिजे.

उरलेल्या भागाबाबत मात्र कामाची वाटणी स्पष्ट हवी. कोणते प्रश्न सोडवावयाचे, हे सांगण्याचा अधिकार पालकांचा, शिक्षकांचा व करदात्यांचा आहे. त्यांची उत्तरे काय, हे सांगण्याची जबाबदारी संशोधकाची आहे. २०२५ मध्ये ही वाटणी उलटी झाली : लोकांना उत्तर विचारले गेले आणि संशोधकांना प्रश्नही विचारला गेला नाही.

अमेरिकेतील २००२ च्या कायद्याने तेथील शिक्षणविज्ञान संस्थेच्या संचालकावर असे बंधन घातले की, प्रस्तावित अग्रक्रम मंडळापुढे मंजुरीस ठेवण्यापूर्वी ते निदान साठ दिवस जनतेच्या अभिप्रायासाठी खुले असावेत. ही तरतूद अनुकरणीय आहे. मात्र त्याच संस्थेतील बहुतेक कर्मचारी २०२५ मध्ये कमी करण्यात आले, हेही विसरू नये. चांगली कार्यपद्धती राजकीय इच्छेची जागा घेऊ शकत नाही. मनमानी झाली तर ती उघडी पाडणे एवढेच तिच्याने होते. आपल्याकडे तेवढेही साधन नाही.

५

या विवेचनातून तीन सूचना निघतात. राज्य परिषदेने दर पाच वर्षांनी अग्रक्रमांची यादी मराठीत, पूर्ण प्रश्नवाक्यांच्या रूपात प्रसिद्ध करावी. ती साठ दिवस खुली ठेवून जिल्हा संस्थांमार्फत शाळांतील शिक्षकांपर्यंत पोचवावी. आणि कोणता प्रश्न घेतला, कोणता वगळला, याची कारणे छापावीत. दुसरे, राज्यभर लागू होणारा भाषाविषयक बदल आधी भिन्न भाषिक परिस्थितीच्या निवडक तालुक्यांत करून पाहावा व त्याचे फल निर्णयापूर्वी जाहीर व्हावे. तिसरी सूचना आपणां विद्यापीठीयांना उद्देशून आहे. नागपूर, अमरावती व गडचिरोली येथील विद्यापीठांच्या भाषा व शिक्षण विभागांनी शासनाच्या यादीची वाट न पाहता विदर्भापुरती अशी एक प्रश्नावली स्वतः तयार करावी, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधविषय तिच्यातून निवडावेत. त्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही.

पुढचा शासननिर्णय केव्हा येईल, हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा धारणीतील शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला द्यावयास आपल्यापाशी अभ्यासलेले उत्तर असेल, एवढी तयारी मात्र आपल्या हातची आहे.