‘स्मृतिचित्रे’ आणि नवा लेखक

नव्या लेखकाला सल्ले पुष्कळ मिळतात : भरपूर वाचा, रोज लिहा, अनुभव घ्या. हे सल्ले खोटे नव्हेत. परंतु अनुभवाचे साहित्य कसे होते, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ एकदा लेखकाच्या नजरेने वाचावीत. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राच्या लेखिकेचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. अक्षरओळखही तिला पतीमुळे लाभली.

आरंभीचे वडिलांचे चित्र पाहावे. त्यांचे सोवळे इतके कडक, की घरात आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून चालत नसे. लक्ष्मीबाई वडिलांना जुलमी म्हणून मोकळ्या होत नाहीत. त्या धुण्यापुसण्याची हकीकत सांगतात. वाचक हसतो, आणि हसता हसता त्या घरातल्या बायकांचे हाल त्याच्या ध्यानी येतात. रेव्हरंड टिळकांच्या चित्रणातही हेच दिसते. त्यांचा लहरीपणा, संताप, अपार औदार्य सारे आहे. मात्र ती गाऱ्हाणी नव्हेत आणि स्तुतिस्तोत्रही नव्हे. शिवाय लेखिकेचा विनोद स्वतःलाही सोडत नाही, म्हणून इतरांविषयीचे तिचे बोलणे विश्वासार्ह वाटते.

खरी कसोटी धर्मांतराच्या प्रसंगी लागते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळातील ताटातूट, आप्तांचा आक्रोश, विटाळाची भीती आणि मनाचे सावकाश पालटणे, यांतले काहीही त्या पुढे गवसलेल्या श्रद्धेच्या उजेडात धुऊन काढीत नाहीत. तेव्हाचा विरोध तेव्हाच्याच तीव्रतेने येतो. वाचक त्यांच्याबरोबर ती वाट चालतो.

आपल्याकडील पुष्कळशा श्रद्धाकथांत नेमके हेच घडत नाही. नायकाचा पश्चात्ताप पहिल्याच परिच्छेदात ठरलेला असतो. मग त्याच्या पापाला वजन उरत नाही आणि क्षमेलाही. ही उणीव श्रद्धेची नाही, लेखकाच्या घाईची आहे.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाईंचे आयुष्यच असामान्य होते. खरे आहे, परंतु त्यांची अनेक उत्तम पाने स्वयंपाकघर, प्रवास, भांडणे आणि पाहुणे यांचीच आहेत. रचनेच्या दृष्टीने ग्रंथ सैल आहे, हेही मान्य करावे. चौथा भाग तर त्यांच्या निधनानंतर पुत्र देवदत्त यांना पूर्ण करावा लागला. बांधेसूदपणा शिकण्यासाठी अन्य ग्रंथ आहेत. येथे शिकायचा तो निवाडा राखून ठेवण्याचा संयम, आणि घरात बोलली जाणारी मराठी कागदावर आणण्याचे धैर्य.

नव्या लेखकाने एक साधा प्रयोग करावा. लिहून झाल्यावर विशेषणांवर काट मारावी आणि शेवटचा बोध हाताने झाकून लेखन पुन्हा वाचावे. प्रसंग तरीही उभा राहिला, तर लेखन साधले. न राहिल्यास आणखी विशेषणे शोधू नयेत. त्या दिवशी घरात काय शिजले होते, कोण कोणाशी बोलत नव्हते, हे आठवावे.