भूमिका आणि उपादान

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांचा पाया घातला गेला. येथे पट गौण, कथा मुख्य. खेळाडू एक काल्पनिक पात्र निर्माण करतो, त्याचे बल, चापल्य, बुद्धी इत्यादी सहा गुण आकड्यांनी कागदावर नोंदवितो आणि महिनोन्महिने त्या पात्राच्या मुखाने बोलतो. सूत्रधार प्रसंग उभे करतो. यशापयश बहुधा वीस बाजूंचा फासा ठरवितो. फासा प्रतिकूल पडल्यास पात्र मरते आणि खेळाडूस कधीकधी खराखुरा शोक होतो. जे कधी जन्मलेच नाही त्याच्या मरणाचा हा शोक धम्मदृष्ट्या विचारात घेण्याजोगा आहे.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात फाशांच्या खेळांचा उल्लेख आहे. त्याकडे बोट दाखवून हा विषय निकालात काढणे सोपे आहे. परंतु ते योग्य नव्हे. ती यादी श्रमणाच्या शीलासंबंधी आहे. गृहस्थांसाठी सिगालोवादसुत्तात द्यूताचे सहा दोष सांगितले आहेत. पण ते पैजेच्या खेळाचे दोष होत. भूमिकाखेळात पैज नसते. तेव्हा दोष शोधावयाचा तो फाशात नव्हे, आसक्तीत.

या आसक्तीचे मार्मिक विवेचन संयुत्तनिकायाच्या राधसंयुत्तात आढळते. मुले मातीची घरे करून खेळतात. जोवर त्यांची तृष्णा त्या घरांत गुंतलेली असते तोवर ती त्यांना जपतात, आपली म्हणतात. तृष्णा सरली की हातापायांनी ती विस्कटून टाकतात. घर दोन्ही वेळी मातीचेच असते. पालटते ते चित्त. तथागत येथे मुलांना दोष देत नाहीत. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे पाचही स्कंध असेच विस्कटून टाका, असा त्यांचा राधाला उपदेश आहे.

अट्ठकथाकारांनी तण्हा, मान आणि दिट्ठी अशी ममत्वाची तीन रूपे मानली आहेत. पात्र माझे वाटणे ही तण्हा. त्याच्या पराक्रमाने स्वतःस थोर समजणे हा मान. पात्र म्हणजेच मी, ही दिट्ठी. पहिली दोन कोणत्याही वाचकास वा प्रेक्षकास अपरिचित नाहीत. खरा धोका तिसऱ्या रूपात आहे.

गामणिसंयुत्तातील तालपुट हा नटांचा नायक होता. लोकांना हसविणारा नट मरणोत्तर देवलोकी जातो, ही त्याच्या परंपरेची समजूत. भगवंतांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा सांगितले की, जे आधीच राग, द्वेष व मोह यांनी बद्ध आहेत त्यांचे बंधन नट अधिक घट्ट करतो आणि तो स्वतःही प्रमत्त असतो. हे सुत्त नाट्यकलेला अनुकूल नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु तालपुटाचे पुढे काय झाले, इकडे टीकाकारांचे सहसा लक्ष जात नाही. तो प्रव्रजित झाला, अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्या पंचावन्न गाथा आहेत आणि त्यांतील बराच भाग त्याने स्वतःच्या चित्ताला उद्देशून रचला आहे. परक्या मुखांनी बोलणाऱ्याने अखेर आपल्याच चित्ताला समोर उभे करून जाब विचारला. आमच्या मते त्याचे कौशल्य कायम राहिले. गळून पडले ते तादात्म्य.

या खेळाचा एक दोष मात्र त्याच्या नियमांतच होता. १९७८च्या नियमपुस्तकात पात्राच्या वंशानुसार गुण वाढत वा घटत. काही वंशांना काही व्यवसाय वर्ज्य होते. २०२४च्या आवृत्तीत 'वंश' हा शब्द गेला आणि गुणवाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. तृण, कीटक, पशू यांच्यात जन्मसिद्ध भेद असतात, मनुष्यांत नसतात, हे वासेट्ठसुत्ताने फार पूर्वीच सांगितले होते.

आम्हां बौद्धांना हे नियम परके वाटत नाहीत. असे एक नोंदपत्र शतकानुशतके आमच्या पूर्वजांच्या हाती देण्यात आले. ते त्यांनी भरले नव्हते, फासाही त्यांनी टाकला नव्हता. आणि त्या भूमिकेचे घाव कागदावर नव्हे, देहावर उमटत होते. खेळाडूला उठून जाता येते; त्यांना ती मुभा नव्हती. आमच्या नांदगावला लागूनच असलेल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला आणि एकवीस वर्षांनी नागपूरला तो पूर्ण केला. लादलेली भूमिका इतक्या जाणीवपूर्वक टाकून दिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

तरीही विवाह जुळविताना आजही आपल्यात जुन्या पोटजातीची चौकशी होते. नोंदपत्र फाडले, पण तुकडे जपून ठेवले, असा याचा अर्थ होतो. काल्पनिक पात्रासाठी रडणाऱ्या तरुणाला हसण्यापूर्वी धम्मबांधवांनी आपल्या पेटीतील हे तुकडे पाहावेत. त्या तरुणाला निदान एवढे माहीत असते की, ते पात्र त्याने स्वतः लिहिले आहे.