जातकांतील प्राणी : भूतदया की मैत्री?

मनुष्य व प्राणी यांच्या स्नेहसंबंधांवरील पुस्तकांना वाचकांची वाण कधीच पडलेली नाही. धन्यासाठी जीव टाकणारा कुत्रा, मरेपर्यंत राबणारा बैल हे अशा पुस्तकांचे आवडते नायक होत. त्यांत प्राण्याच्या इमानाचे गुणगान असते. पण त्या इमानाच्या बदल्यात मनुष्याने काय दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रकारच्या वाङ्मयाचा विचार करताना जातकसंग्रहाकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण हा प्रश्न तेथे प्राणी स्वतःच विचारतो.

पालि जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. व्ही. फाउसबोल यांनी त्याची रोमन लिपीतील आवृत्ती १८७७ ते १८९६ या काळात सिद्ध केली. मराठीत दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत हे भांडार उपलब्ध करून दिले. असे असूनही सामान्य वाचकाच्या हाती बहुधा पडतात ती मुलांसाठी केलेली संक्षिप्त रूपे. त्यांत कथेचा सांगाडा राहतो, परंतु ती कोणत्या प्रसंगी व कशासाठी सांगितली, हे गळून जाते. दोन कथांच्या आधारे या हानीचे स्वरूप आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

पहिली कथा नंदिविसाल जातकाची (क्र. २८). तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने वासरापासून पेज-भात घालून, पोटच्या पोरासारखा वाढविलेला हा बैल. धन्याचे ऋण फेडावे म्हणून पैजेची कल्पना बैलच सुचवितो : शंभर भरल्या गाड्या एकट्याने ओढून दाखवायच्या. ब्राह्मण एका श्रेष्ठीशी हजाराची पैज लावतो आणि ऐन वेळी बैलाला 'कूट', म्हणजे खोटा, लबाड, अशी हाक मारतो. बैल जागचा हलत नाही. पैज हरून ब्राह्मण शोक करीत घरी पडून राहतो, तेव्हा बैल त्याला जाब विचारतो : इतक्या वर्षांत मी तुझे एखादे मडके तरी फोडले काय? कोणाला चेंगरले काय? मग हे नाव मला कोणत्या कारणाने दिलेस? पुढे दोन हजारांची पैज लागते, ब्राह्मण त्याला गौरवाने संबोधतो आणि शंभर गाड्या हलतात.

'गोड बोलावे' एवढेच तात्पर्य संक्षेपांत उरते. वास्तविक हीच कथा विनयपिटकातही आली आहे, आणि तिचे तेथील स्थान ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसऱ्या पाचित्तिय नियमाच्या, म्हणजे अपमानकारक बोलण्यास मनाई करणाऱ्या नियमाच्या प्रसंगी भगवंतांनी ती सांगितली आहे. षड्वर्गीय भिक्खू इतर भिक्खूंना टोचून बोलत. कशावरून टोचत, त्याची यादी तेथेच दिली आहे आणि त्या यादीत पहिला शब्द 'जाति' हा आहे. चंडाल, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस ही हीन मानलेली कुळे नियमाच्या विवरणात नावानिशी येतात. जन्मावरून कोणालाही हिणवू नये, हा संघाचा नियम एका बैलाच्या तक्रारीवर उभा आहे. बिनकारणी लावलेले हीन नाव जनावरालाही सोसवत नाही, मग माणसाला कसे सोसवेल? हा संदर्भ काढून टाकला की कथा शिष्टाचाराचा पाठ होते. संदर्भासह वाचली की ती न्यायाची मागणी ठरते.

दुसरी कथा निग्रोधमिग जातकाची (क्र. १२). वाराणसीच्या राजाला मृगयेचे व्यसन. त्यापायी रोज कामधंदा बुडतो म्हणून प्रजाजनच हरणांचे कळप हाकून राजाच्या उद्यानात कोंडतात. पुढे दोन्ही कळपांतील एकेका हरणाने पाळीने मरण पत्करावे, असे ठरते. गाभण हरिणीची पाळी येते, तेव्हा तिच्या कळपाचा राजा साख तिला टाळतो आणि दुसऱ्या कळपाचा निग्रोध तिच्या जागी ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा प्रसन्न होऊन दोघांना अभय देतो. निग्रोध तेवढ्यावर थांबत नाही. उरलेल्या हरणांचे काय? चतुष्पादांचे काय? पक्ष्यांचे, माशांचे काय? असे विचारीत तो सर्वांसाठी अभय मिळवितो.

संक्षेप बहुधा येथे संपतात. अट्ठकथेतील कथा मात्र पुढे जाते. निर्भय झालेली हरणे शेतांतील पीक खाऊ लागतात. शेतकरी राजाकडे धाव घेतात. राजा दिलेले वचन मोडण्यास नकार देतो. तेव्हा निग्रोध आपल्या कळपाला पीक खाण्यास मनाई करतो आणि शेतकऱ्यांना निरोप धाडतो : कुंपण घालू नका, शेताच्या कडेने पानांची खूण बांधा. जी कथा प्रजेच्या बुडालेल्या कामापासून सुरू झाली, ती प्रजेच्या पिकाच्या रक्षणापाशी येऊन थांबते. रोही आणि रानडुकरे यांच्यापायी रात्र-रात्र जागल करणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्याला या उत्तरार्धाचे मोल सांगावे लागणार नाही. राजाने अभय दिले, तरी त्याची झळ शेतकऱ्याला लागते, हे कथाकाराने ओळखले आहे.

जातकांतील प्राणी हे प्राण्यांची कातडी पांघरलेली माणसेच होत, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. समोधानात हरिण बोधिसत्त ठरते, साख देवदत्त ठरतो, आणि प्राणी म्हणून त्यांचे अस्तित्व विरून जाते. वानरांना वानर म्हणूनच न्याहाळणारी व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही कादंबरी (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८३) याच्या नेमकी उलट वाट चालते. निरीक्षणाचा हा गुण जातकांत शोधू नये. त्यांचे सामर्थ्य वेगळे आहे : मनुष्य व प्राणी यांच्यातील संबंधाचा हिशेब मागण्याचा अधिकार ती प्राण्याला देतात.

हा हिशेब आपल्या समाजाला परका नाही. ज्यांच्या गोठ्यात जनावर जिवंत असते त्यांनी त्याच्या स्नेहाच्या कथा लिहिल्या. जनावर मेल्यावर ज्यांना ते ओढावे लागले त्यांची कथा फार उशिरा लिहिली गेली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) वाचताना हा फरक मनाला झोंबतो. ते काम व मृतमांस सोडण्याची हाक महाडच्या परिषदेत मार्च १९२७ मध्ये दिली गेली. जुलै २०१६ मध्ये मात्र गुजरातेत उना येथे मृत गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली. गाईविषयीच्या भक्तीने माणसाच्या पाठीवर वळ उठविले. अशा भक्तीला भूतदया म्हणावे काय?

दया वरून खाली येते. देणारा तिची मर्यादा ठरवितो. मैत्रीला वर-खाली नसते. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (मूळ इंग्रजी, १९५७) या ग्रंथात प्रेमाहून व्यापक म्हणून मैत्रीची मांडणी केली, आणि तीत केवळ माणसेच नव्हे तर सर्व प्राणिमात्र आणले. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याचा प्रसंगही त्यांनी त्याच ग्रंथात घेतला. मारणाऱ्याचा हक्क मोठा की वाचविणाऱ्याचा, असा वाद तेथे रंगतो. तोही न्यायाचाच प्रश्न आहे.

यास्तव प्राण्यांवरील कोणतेही पुस्तक हाती घेताना प्राणी त्यात बोलतो की केवळ सोसतो, आणि त्याच्यावरील प्रेमाची किंमत कोणाकडून वसूल होते, हे वाचकांनी पाहावे. विहारांतील धम्मवर्गांत जातके सांगणाऱ्यांना आमची विनंती आहे की, बैलाची कथा सांगताना पाचित्तियाचा नियम सांगावा आणि हरणाची कथा सांगताना शेताच्या कडेला बांधलेली पाने विसरू नयेत.