‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाविषयी : त्वचेचा कर्करोग आणि आनुवंशिकतेची मराठी परिभाषा

वारशाने येणारे जनुकभेद आणि त्वचेचा कर्करोग यांच्या संबंधाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय फार सैल हाताने वापरलेले आढळते. मूळ संशोधनातील विधान इतकेच असते की, अमुक जनुकभेद असलेल्या समूहात रोगाचे प्रमाण तुलनेने अधिक वा उणे आढळले. मराठीत येताना त्याचे ‘अमुक जनुकामुळे कर्करोग होतो’ असे रूपांतर होते. साहचर्याचे कारण बनते, आणि समूहाविषयीचे विधान व्यक्तीच्या कपाळी लिहिले जाते. ज्या समाजात सोयरीक जुळविताना कूळ आणि रक्त पाहिले जाते, तेथे हा केवळ भाषांतरातील ढिलेपणा राहत नाही. त्यापायी ठरलेले लग्न मोडू शकते.

‘प्रतिकारशक्ती’ हा दुसरा शब्द तितकाच फसवा होय. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असते, आणि जास्त तितकी बरी, हे ओघानेच येते. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचे कार्य मात्र या कल्पनेत बसत नाही. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या आतील प्रथिनांचे तुकडे तिच्या पृष्ठभागावर आणून धरतात; टी-पेशी ते तपासतात आणि आप-पर ठरवितात. कोणते तुकडे धरले जातील, हे माणसामाणसागणिक बदलते. म्हणजे येथे प्रश्न बळाचा नसून ओळखीचा आहे. शरीराचा हा पहारा त्वचेच्या कर्करोगात महत्त्वाचा असतो, याविषयी शंका नाही. अवयवरोपणानंतर प्रतिकार दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत या कर्करोगाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

या दृष्टीने कोडाचे उदाहरण मोठे बोलके आहे. कोडात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा त्वचेतील रंजकपेशी नष्ट करते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत जनुकीय अभ्यासात कोडाशी निगडित असलेल्या स्थानांत एचएलएबरोबरच टायरोसिनेजचे जनुकही आढळले. त्याचे जे रूप कोडाची शक्यता वाढविते, तेच रंजकपेशींच्या कर्करोगाची, म्हणजे मेलॅनोमाची, शक्यता घटविते असे दिसले. नेदरलँड्समध्ये १३०७ कोडग्रस्तांची त्यांच्या जोडीदारांशी तुलना करणारी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही कोडग्रस्तांत मेलॅनोमाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आढळले. मग अशा जनुकाला ‘सदोष’ कोणत्या अर्थाने म्हणावे? आपल्या भाषेने तर येथे आधीच एक अन्याय करून ठेवला आहे. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतातील ‘कोढ’ या रूपाने आला. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्या रुग्णांच्या रोगाचा कलंक, रोग सर्वस्वी भिन्न असता, केवळ नावाच्या वाटेने पांढऱ्या डागावर येऊन बसला.

नावे शास्त्रज्ञांनाही चकवितात. ‘इंटरफेरॉन-नियामक घटक ४’ हे नाव ऐकताच हे जनुक प्रतिकारयंत्रणेचे, असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु त्याचा त्वचेच्या कर्करोगाशी निगडित असलेला भेद रंजकपेशीत टायरोसिनेजच्या निर्मितीवर, म्हणजे त्वचेच्या वर्णावर, परिणाम करतो असे २०१३ साली दाखविण्यात आले. आमच्या गावच्या नावातील ‘रेल्वे’ हे पद जसे धामणगाव बढेपासून वेगळी ओळख पटविण्यापुरते आहे, गावाच्या साऱ्या व्यवहाराचे वर्णन नव्हे, तसेच हे.

‘मुळे’ केव्हा शोभते, हे पाहावयाचे तर डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे वळावे. सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ साली त्यांनी धोतराच्या कर्करोगाचे वर्णन केले. कमरेला धोतर घट्ट आवळल्याने वर्षानुवर्षे एकाच रेषेवर काच पडतो. त्वचा जाड होते, तिचा वर्ण उडतो, आणि क्वचित त्याच जागी कर्करोग उद्भवतो. येथे कारणाचा माग अंगावरच उमटलेला असतो. ‘काचामुळे’ हे पद त्यांनी कष्टाने मिळविलेले आहे. त्या लेखाच्या शीर्षकातच कर्करोगाचा संबंध वहिवाटींशी जोडला आहे, वंशाशी नव्हे. आणि हे वंशाच्या अभ्यासाविषयीच्या अनास्थेतून झाले म्हणावे, तर याच खानोलकरांनी एल. डी. संघवी यांच्याबरोबर मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची मोजणी १९४९ साली प्रसिद्ध केली! वारसा आणि वहिवाट ही दोन्ही खाती त्यांनी उघडली, पण एकातील जमा दुसऱ्यात मांडली नाही.

आजचे बहुतेक जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. तेथे त्वचेच्या कर्करोगांत तळपेशींचा प्रकार सर्वाधिक आढळतो. भारतातील नोंदींत बहुधा शल्कपेशींचा पुढे असतो, आणि जुन्या जखमांचे व भाजल्याचे व्रण हे त्याचे एक परिचित उगमस्थान आहे. तेव्हा वऱ्हाडातील वाचकासाठी लिहिताना वाक्य असे असावे : ‘युरोपीय वंशाच्या ज्या समूहांचा अभ्यास झाला, त्यांत हा जनुकभेद असणाऱ्यांना हा रोग होण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले.’ वाक्य लांबते, वृत्तपत्राच्या मथळ्यात मावत नाही. पण त्यातील एकही पद गाळता येण्याजोगे नाही.