'औदुंबर' आणि वहीतले चार मुद्दे : पदवी वर्गातील काव्याध्यापनाची चिकित्सा

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. अध्यापनाच्या सर्व पद्धतींचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. पदवी स्तरावर मराठीच्या तासाला कविता शिकविली जाते तेव्हा ती वाचली जाते की नाही, आणि अलीकडे 'विद्यार्थिकेंद्री' म्हणून ज्या पद्धतींचा पुरस्कार केला जातो त्यांनी या स्थितीत काही फरक पडतो का, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणादाखल बालकवींची (१८९०–१९१८) 'औदुंबर' ही कविता घेतली आहे. ती अवघी आठ ओळींची आहे, मराठीच्या बहुतेक प्राध्यापकांच्या परिचयाची आहे, आणि तिच्या अर्थाविषयी मराठी समीक्षेत आजवर एकमत झालेले नाही, ही तिच्या निवडीची कारणे होत.

कवितेत घडत असे काहीच नाही. दोन्ही तीरांवर हिरवळ घेऊन वाहणारा झरा, टेकडीकडचे लहानसे गाव, शेतमळे, त्यांमधून निघालेली पांढरी पायवाट, ती जिकडे जाते तो काळा डोह आणि अखेरीस पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड, एवढाच तिचा ऐवज. कोणी तिला निखळ निसर्गचित्र मानले. कोणी पायवाटेत आयुष्याचा मार्ग व डोहात मृत्यू पाहिला. कोणाला औदुंबर हा अलिप्त जोगी वाटला, तर कोणाला कवीच्या मनातील औदासीन्याची छाया. वादाचे मूळ शेवटच्या दोन ओळींत आहे. पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला कवी 'गोड' म्हणतो ते का? आणि झाडाविषयी तो 'असला' हा शब्द योजतो, तेव्हा 'असला' म्हणजे नेमका कसला? हा शब्द वाचकाला मागे वळवितो. वर जे जे पाहिले ते सारे पुन्हा पाहून या झाडाचे रूप ठरवावे लागते. माझ्या मते कवितेचा सारा भार या एका शब्दावर आहे.

आता ही कविता विद्यार्थ्याच्या वहीत कशी उतरते ते पाहावे. कवीचा परिचय, कवितेचा आशय, प्रतीके, भाषाशैली असे चार मुद्दे. तिसऱ्या मुद्द्यात 'औदुंबर हे विरक्तीचे प्रतीक आहे' हे वाक्य, बहुधा खाली रेघ मारलेले. समीक्षकांचा मतभेद वहीत येतो तो 'काही समीक्षकांच्या मते' आणि 'तर काहींच्या मते' अशा दोन निरुपद्रवी वाक्यांच्या रूपाने. कोणते मत कवितेतील कोणत्या शब्दावर उभे आहे, हे तेथे विचारलेलेच नसते. 'असला' या शब्दाची नोंद मी पाहिलेल्या वह्यांमध्ये मला क्वचितच आढळली.

येथे दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. मी स्वतः कित्येक वर्षे असेच मुद्दे सांगत आलो, आणि विद्यार्थी ते मनःपूर्वक उतरवून घेत आले. या कवितेवरील एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका मला उत्तम वाटली होती. पुढे एकदा तिला ती कविता वर्गात मोठ्याने वाचण्यास सांगितले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पुस्तक नाही घेतलं. नोट्स आहेत ना." ज्या कवितेचे रसग्रहण तिने अडीच पाने लिहिले होते, ती कविता तिने छापील स्वरूपात पाहिलेली नव्हती. तिला गुण मीच दिले होते.

तथापि, टिपणे सांगण्याच्या प्रथेला केवळ प्राध्यापकांचा आळस म्हणून निकालात काढणे हे अर्धसत्य ठरेल. ज्याच्या घरातून कॉलेजात येणारा तो पहिलाच, ज्याला क्रमिक पुस्तक विकत घेणे परवडत नाही आणि ज्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती आहेत, त्याच्यासाठी वही हेच पुस्तक असते. वही बंद करा, असे त्याला सांगणे सोपे आहे. तिच्या जागी त्याच्या हाती काय द्यावयाचे, हा प्रश्न कठीण आहे. शिकविणाराही पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावणाऱ्या या सहकाऱ्याकडून नवनव्या प्रयोगांची अपेक्षा करताना त्याच्या पुढील वर्षाच्या नेमणुकीचीही काही शाश्वती नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मूळ आणखी खोल आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर घडविले गेले. आरंभी त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. शिकविणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम. वर्ग एकाच्या हाती आणि प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या हाती, ही विभागणी तेव्हापासूनची. १९४८ साली नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षापद्धतीची सुचवू, अशा आशयाचे मत आपल्या अहवालात नोंदविले होते. त्यालाही आता पाऊणशे वर्षे उलटून गेली.

या पार्श्वभूमीवर 'विद्यार्थिकेंद्री' पद्धतींचे काय झाले ते पाहणे उद्बोधक ठरेल. नॅकच्या २०१७ च्या आराखड्यात 'अध्यापन-अध्ययन आणि मूल्यमापन' या दुसऱ्या निकषाखाली अनुभवाधिष्ठित व सहभागात्मक अध्ययनाची विचारणा स्वतंत्रपणे केलेली होती. हेतू निःसंशय चांगला. परंतु विचारणा झाली की पुरावा हवा, आणि पुरावा हवा म्हटले की छायाचित्र व अहवाल आले. पडद्यावर झळकणाऱ्या स्लाइडवर तेच चार मुद्दे असतील, तर वही भिंतीवर गेली एवढाच फरक. गटचर्चेचेही तसेच. चार गटांना चार प्रतीके वाटून द्यावयाची, प्रत्येक गटाच्या प्रमुखाने गाईडमधील परिच्छेद वाचून दाखवावयाचा आणि शेवटी सरांनी 'बरोबर' म्हणावयाचे. पावलो फ्रेअरी यांनी ज्याला 'बँकिंग' शिक्षण म्हटले, त्यात ठेवीदार पूर्वी एक होता. आता त्याला चार दलाल मिळाले. उलट, व्याख्यानपद्धती जुनाट म्हणून जी हिणविली जाते, तीत एखादा जाणता अध्यापक 'असला' या शब्दापाशी थांबून, आपल्या मनातील शंका न लपविता, विद्यार्थ्यांदेखत विचार करू लागला, तर तो तास कोणत्याही गटचर्चेपेक्षा अधिक सहभागाचा ठरू शकतो. पद्धतीच्या नावावरून वर्गात काय घडते ते कळत नाही. कवितेच्या वर्गापुरता प्रश्न इतकाच, की अर्थ कवितेच्या आधी आला की नंतर?

या संदर्भात आय. ए. रिचर्ड्स यांच्या केंब्रिजमधील प्रयोगाची आठवण होते. कवीचे नाव वा काळ न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कविता दिल्या, त्यांच्यावर मोकळेपणाने लिहावयास सांगितले आणि त्या लेखनाची चिकित्सा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथात केली. साहित्याचे विद्यार्थीही कवितेचा सरळ अर्थ लावताना चुकतात आणि ठरीव प्रतिक्रियांचा आधार घेतात, हे त्यातून उघड झाले. केंब्रिजची ही कथा वाचली की आपल्या वर्गाविषयीचा न्यूनगंड बराच कमी होतो.

हाच मार्ग मी 'औदुंबर'साठी अनुसरून पाहिला. नाव झाकण्यात अर्थ नव्हता, कारण कविता अनेकांच्या कानांवरून गेलेली होती. म्हणून केवळ ओळींच्या छायाप्रती वाटल्या आणि काहीही सांगितले नाही. प्रारंभी शांतता. मग एकाने हे दत्ताचे झाड असल्याचे सांगितले, आणि चर्चा सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या औदुंबर क्षेत्राकडे वळली. त्याला कवितेत आधार कोठे, असे विचारल्यावर तो मुद्दा मागे पडला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, "जोगी नाही सर, दमलेला माणूस आहे. रानातून आल्यावर आम्ही असंच पाण्यात पाय सोडून बसतो." हे कोणत्याही गाईडमध्ये नव्हते. ते बरोबर होते काय? पायवाट शेतमळ्यांतून येते, हे त्याच्या बाजूने. गावाकडे न जाता ती डोहाकडे जाते, हे त्याच्या विरुद्ध. 'गोड' या विशेषणाचे काय करावयाचे, यावर वर्गात दोन तट पडले. निर्णय झाला नाही. परंतु आठ ओळी वर्गाने दहा-बारा वेळा वाचल्या. त्यात दोन तासिका गेल्या आणि अभ्यासक्रम मागे पडला, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

रिचर्ड्स यांची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'तील (१९७२) कविता कवी, वस्ती आणि काळ झाकून वर्गात ठेवणे म्हणजे तिचा अर्धा अर्थ कापून टाकणे होय. कवीचा परिचय हा मुद्दा वाईट नाही; तो कवितेऐवजी येतो तेव्हाच वाईट.

बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेने मला याच्या उलट धडा दिला. खानदेशातील एका महाविद्यालयात मी काही काळ शिकवीत होतो. मी कोकणातला. 'घरोट' म्हणजे जाते, हे मला कोशावरून ठाऊक होते. वर्गातील एका मुलीने आजीच्या घरोटाचा खुंटा कसा बसवितात, दळताना दोघी समोरासमोर कशा बसतात, हे हातवारे करून दाखविले. त्या तासाला मी श्रोता होतो. ज्या बोलीमुळे ती एरवी वर्गात तोंड उघडीत नसे, त्याच बोलीने तिला कवितेच्या आत नेले. अहवालात या तासाची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हे मला अद्याप उमगलेले नाही.

परंतु असे तास अपवादच राहणार, कारण सत्राच्या शेवटी येणारा प्रश्न ठरलेला असतो : "'औदुंबर' या कवितेचे रसग्रहण करा." प्रश्नपत्रिकेत कविता छापलेली नसते. याचा अर्थ कविता पाठ असावी, किंवा तिच्याविषयीचे पाठ असावे. विद्यार्थी दुसरा मार्ग स्वीकारतो. गंमत अशी की, शालेय स्तरावरील मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या ओळी छापून त्यांवर कृती विचारल्या जातात, अपठित उताराही असतो. दहावीत छापील ओळींवर विचार करणारा विद्यार्थी पदवीला आला की त्याच्यापुढील ओळी काढून घेतल्या जातात. आठ ओळी प्रश्नपत्रिकेत छापाव्यात आणि 'असला' या शब्दाच्या आधारे दोन अर्थांपैकी कोणता ग्राह्य ठरतो ते लिहावयास सांगावे, यात अवघड काही नाही. ज्याच्याजवळ पुस्तक नाही त्यालाही अशा प्रश्नात कविता वाचावयास तरी मिळेल.

अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत मी ही सूचना मांडली होती. अध्यक्षांनी ती ऐकून घेतली. एका सहकाऱ्याने विचारले, "मग नमुना उत्तर काय द्यायचं? शेकडो उत्तरपत्रिका, चार-पाच परीक्षक. प्रत्येकाने आपल्या मताने गुण दिले तर पुनर्मूल्यांकनाचे अर्ज कोण निस्तरणार?" शंका रास्त होती. गुण अर्थाला नव्हे, अर्थासाठी कवितेतून दिलेल्या आधाराला द्यावेत, असे मी सुचविले. मात्र तो आधार पुरेसा आहे की नाही हे चार-पाच परीक्षकांनी एकाच मापाने कसे मोजावे, याचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही पूर्णपणे नाही. बैठकीच्या इतिवृत्तात 'सूचनेवर चर्चा झाली' एवढीच नोंद आहे.