घर पाहावे बांधून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' या म्हणीइतकी वारंवार उच्चारली जाणारी, आणि तितक्याच वारंवार अर्धवट समजली जाणारी, दुसरी म्हण क्वचितच सापडेल. बहुतेक लोक तीत खर्चाचा धसका तेवढा पाहतात. आम्हांस मात्र तिचे मर्म 'पाहावे' या क्रियापदात आहे असे वाटते. त्यात अनुभव घेणे आहे, तसेच डोळ्यांनी पाहणेही आहे. आणि घर बांधविणाऱ्याचे अर्धे काम हे दुसरेच होय.

अशी म्हण ज्या भाषेत आहे तिच्या ललित वाङ्मयात घराच्या बांधणीचे चित्र मात्र फार विरळ. घर खचण्याचे चित्र आमच्याकडे उत्तम आहे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकातील विदर्भातला देशपांड्यांचा वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि वडिलांच्या दिवसकार्याच्या खर्चावरून भावाभावांत पडलेली तेढ कोणता वाचक विसरेल? परंतु त्या वाड्याचा पाया ज्याने खणविला त्याने गवंड्यांशी काय ठरविले, चुना कोठून आणविला, हे नाटक सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. आमची तक्रार इतर लेखकांविषयी आहे. ढासळण्यात काव्य आहे आणि रेतीच्या हिशेबात नाही, असा त्यांचा समज झालेला दिसतो.

थोरोने तो समज १८५४ सालीच खोटा ठरविला होता. 'वॉल्डन' या ग्रंथात त्याने आपल्या झोपडीचा खर्च बाबवार मांडला आहे: फळ्या, जुन्या खिडक्या, एक हजार जुन्या विटा, खिळे, एका सेंटचा खडूसुद्धा, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. चुना महाग पडल्याची कुरकुरही त्या यादीत आहे. दुर्गाबाई भागवतांनी हा ग्रंथ मराठीत आणला. आम्ही त्यातील चिंतन उचलले आणि जमाखर्च तेथेच ठेवला. वस्तुतः त्या जमाखर्चावाचून ते चिंतन अधांतरी राहते.

आता राजुऱ्याकडे पाहावे. वर्धा नदीपलीकडचा हा तालुका पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडास जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यास आला. घर बांधण्याचे साहित्य जणू येथेच पिकते. शेजारच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर येथे चुनखडीवर चालणारे सिमेंटचे कारखाने आहेत. नदीच्या अलीकडे बल्लारपूरला सागवानाचा मोठा डेपो आहे, जेथून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेले. परंतु साहित्य जवळ असले म्हणून घर सोपे होत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया त्या थराखाली कठीण जमिनीपर्यंत नेला नाही, तर दोन-तीन वर्षांत भिंतीवर तिरकी चीर उमटते. पाया बुजला की ही चूक कोणासही दिसत नाही. म्हणून तो खणला जात असता घरधन्याने काठावर उभे राहावे, मग ठेकेदाराच्या कपाळावर आठ्या पडोत. तीच गोष्ट तराईची. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. अशा वेळी टाकलेल्या स्लॅबवर निदान दहा दिवस पाणी उभे ठेवावे लागते. मिस्त्री आपले काम संपवून दुसऱ्या कामावर जातो आणि बादली घरच्या बाईच्या हाती येते. या बाईवर आमच्या कोणत्या कथाकाराने लिहिले?

घरकुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर निदान २५ चौरस मीटरचे असावे आणि ते लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये, असा नियम आहे. सपाट प्रदेशासाठी त्या वेळी १,२०,००० रुपये ठरले, तेही हप्त्यांनी, काम पुढे सरकेल तसे. तत्त्व म्हणून हे आम्हांस फार मोलाचे वाटते. ज्याचे घर त्याचीच देखरेख, हा त्या म्हणीचाच कायदा झाला. पण हप्ता मिळण्यापूर्वी मजुरी चुकती करावी लागते, आणि उसनवारीस आरंभ तेथूनच होतो.

या घरांच्या रूपाविषयीही टीकाकाराने बोलावयास हवे. जुन्या घराची मातीची जाड भिंत आणि कवेलूंचे छप्पर दरवर्षी दुरुस्ती मागत असे, हे खरे. परंतु दुपारी ते निवाऱ्याचे असे. नव्या पातळ स्लॅबला ती दुरुस्ती नको, आणि हा लाभ लहान नव्हे. मात्र नकाशा काढणाऱ्याने ओसरी वगळली आहे. त्यामुळे कित्येक ठिकाणी असे दृश्य दिसते, की भर उन्हाळ्यात नव्या घरात तुरीची पोती आहेत आणि माणसे मागच्या जुन्या छपरीत बसली आहेत.