कुलूप-किल्लीचे रूपक आणि एकट्या रेणूची साक्ष

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये योजलेले कुलूप-किल्लीचे रूपक एंझाइमांच्या अध्यापनात अद्यापि रूढ आहे. दोन आकारांचा मेळ दाखविण्यास ते समर्थ आहे. परंतु कुलपाचा आकार कायम असतो, ही त्यातील अध्याहृत कल्पना टिकत नाही. १९५८ मध्ये कॉशलंड यांनी, द्रव्य भिडताच एंझाइम त्यास अनुरूप होते, असे प्रतिपादिले. तेथेही बदलास बाहेरचे निमित्त लागते. वस्तुतः भोवतालच्या रेणूंच्या आघातांनी प्रथिनाचा रेणू निमित्तावाचूनही सतत हलत असतो.

याची साक्ष समूहाच्या सरासरीतून मिळत नाही. समजा, चाकूर येथे ‘गेला होता’ व ‘गेल्ता’ ही रूपे सारख्याच प्रमाणात नोंदली गेली. निम्मे भाषक एक रूप व निम्मे दुसरे वापरतात, की प्रत्येक भाषक दोन्ही वापरतो? एकूण बेरीज याचे उत्तर देत नाही. त्यासाठी एकाच भाषकाचे बोलणे दीर्घकाळ ऐकावे लागते. रेणूंचेही तसेच आहे.

बंगळूरचे राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्र व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील संशोधकांनी २००१ मध्ये, बारस्टार हे प्रथिन उलगडताना त्याची रचना टप्प्याटप्प्याने ढळते, असे दाखविले. सरासरीऐवजी अंतरांची विभागणी पाहिल्याने हे साधले. तथापि साक्षीदार समूहच होता. लू, शुन व शिए यांनी १९९८ मध्ये कोलेस्टेरॉल ऑक्सिडेजचा एकेक रेणू निरखला. त्यातील फ्लाविन क्रियेच्या एका अवस्थेत प्रकाशतो, दुसरीत विझतो. त्यामुळे प्रत्येक फेरी मोजता येते. एका फेरीचा अवधी आधीच्या फेरीपासून स्वतंत्र नसल्याचे आढळले. म्हणजे रेणूस पूर्वावस्थेची जणू स्मृती असते. २००३ मध्ये दुसऱ्या एका एंझाइमात फ्लाविन व टायरोसीन यांतील अंतराचे चढउतार शेकडो मायक्रोसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंतच्या अवधींत पसरलेले दिसले.

या पद्धतीसही मर्यादा आहे. येथे मोजले जाते ते दोन बिंदूंमधील एक अंतर; त्यावरून समग्र आकाराचे चित्र रेखाटणे हे अनुमानच होय. तरीही एक गोष्ट निश्चित ठरते. स्फटिकातून मिळालेली आकृती खोटी नव्हे, पण ती असंख्य रेणूंची सरासरी आहे. ‘प्रथिनाचा आकार असा आहे’ हे विधान म्हणून अपुरे पडते. ‘प्रथिन असे आकार घेत असते’ हे मराठी क्रियापदाचे रीतिवाचक रूपच येथे अधिक शास्त्रशुद्ध आहे.